पिवळा फ्यूज

"हा कुणी घातला?" गाडीच्या वायरिंगवाल्या काकांनी एवढंच विचारलं होतं. तळहात पुढे केलेला, त्यावर अंगठ्याच्या नखाएवढा पिवळा फ्यूज. तळहाताच्या रेघांमध्ये वर्षानुवर्षांचं ग्रीस मुरलेलं, त्यामुळे तो पिवळा रंग जास्तच उठून दिसत होता. पत्र्यावर पाऊस असा कोसळत होता की तोच प्रश्न त्यांना दुसऱ्यांदा विचारावा लागला. आवाजात दरडावणी नव्हती. डॉक्टर "काल काय खाल्लं होतं?" विचारतात तसं, कामापुरतं विचारणं होतं ते. आणि मी म्हणाले, "मागच्या महिन्यात गाडी सर्व्हिसिंगला दिली होती, तिथल्या पोरानं घातला असेल." त्यांनी मान हलवली, फ्यूज शर्टाच्या खिशात टाकला आणि पुन्हा डिकीत वाकले. या गोष्टीला सात महिने होऊन गेले.

तो फ्यूज मी घातला होता. तासाभरापूर्वी, माझ्या हातानं.

कोल्हापूरहून रत्नागिरीला माहेरी निघाले की मी दुपारी दोनच्या आत घर सोडते, म्हणजे आंबा घाट उजेडी उतरून होतो. त्या दिवशी शाळेत पालकसभा लांबली आणि निघायलाच पाच वाजले. आषाढातला पाऊस. मलकापूर मागे पडेपर्यंतच अंधारून आलं होतं, आंबा गावाच्या पुढे तर धुकं असं उतरलं की बॉनेटच्या पलीकडे दोन हात रस्ता तेवढा दिसायचा. एका खड्ड्यात गाडी आदळली आणि स्पीडोमीटरचा उजेड गेला. हेडलाइट चालू होते, वायपर चालू होते, म्हणून वाटलं मीटरच्या मागचाच एखादा दिवा गेला असेल, उद्या बघू. दोन वळणं गेली नसतील, तोच मागून आलेला ट्रक अगदी अंगावर येऊन करकचून थांबला. मग शेजारी आणून, काच खाली करून ड्रायव्हर ओरडला, "मागं लाइट नाय तुमच्या! मराल!" पाठीतून गार शिरशिरी गेली. मीटरचा उजेड, पुढचे पार्किंगचे दिवे, मागचे लाल दिवे, नंबरप्लेटवरचा दिवा, हे सगळं माझ्या गाडीत एकाच फ्यूजवर आहे. हेडलाइटचे फ्यूज वेगळे, ब्रेकच्या दिव्यांचा वेगळा. म्हणजे मला समोरचं दिसत होतं, पण मागून येणाऱ्याला मी, ब्रेक दाबेन तेवढा क्षण सोडला तर, दिसतच नव्हते. इतकी मैलं मी त्या धुक्यात नसल्यासारखीच चालले होते.

रुंद वळण बघून गाडी कडेला घेतली. फ्यूजचा डबा स्टीअरिंगच्या खाली, उजव्या गुडघ्यापाशी. मोबाइलची बॅटरी दातात धरून, एक गुडघा चिखलात टेकून मी झाकण काढलं. झाकणाच्या आतल्या बाजूला नकाशा असतो आणि फ्यूज उपटायचा छोटा प्लॅस्टिकचा चिमटा अडकवलेला असतो. लाल, १० अँपिअरचा फ्यूज बाहेर काढून उजेडात धरला. आतली पट्टी मधोमध तुटलेली, आणि तुटल्या जागी काचेवर फुंकर मारल्यासारखा राखाडी डाग. जादा फ्यूजमधला दुसरा लाल लावला, दिव्यांचा खटका फिरवला. मीटर पापणी लवेल इतका वेळ उजळलं आणि विझलं. लाल संपले. उरले होते एक पिवळा आणि एक हिरवा, म्हणजे २० आणि ३०. हिरवा नको एवढं कळत होतं. पिवळा लावला. दिवे लागले, आणि लागलेलेच राहिले. मागे जाऊन पाहिलं तर धुक्यात दोन लाल ठिपके, पिंजलेल्या कापसात कुंकू सांडल्यासारखे. मला रडू यायचं बाकी होतं, इतकं बरं वाटलं.

गेली २६ वर्षं मी शाळेत विज्ञान शिकवते. दहावीला 'विद्युतधारेचे परिणाम' हा धडा दरवर्षी शिकवते आणि त्यातला 'वितळतार' हा शब्द मला फार आवडतो. इतका नेमका पारिभाषिक शब्द क्वचितच सापडतो. काम आणि मरण दोन्ही नावातच आहे. त्या तासाला मी एक प्रश्न ठरवून विचारते: वितळतार कुणाला वाचवते? पोरं म्हणतात, फ्रिजला, टीव्हीला, पंख्याला. मग मी सांगते की नाही, ती वाचवते तारेला. भिंतीतून गेलेल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या तारेला. तारेला सोसवेल त्याहून जास्त धारा गेली तर तार तापते, आवरण वितळतं, आग लागते. म्हणून त्या वाटेवर मुद्दामच सगळ्यात कमजोर जागा करून ठेवायची, तुटायचं तर तिथे तुटू दे म्हणून. पुढे ज्यूलचा नियम येतो. उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. धारा दुप्पट केली तर उष्णता किती पट, असं विचारलं की शेवटच्या बाकावरचं पोरगंसुद्धा चौपट म्हणून सांगतं. दहाच्या जागी वीसचा फ्यूज म्हणजे चौपट उष्णतेला दिलेली परवानगी. फळ्यावर हे मी किती वेळा लिहिलंय त्याची मोजदाद नाही.

मोटारीतल्या या पात्यांच्या फ्यूजची आणखी एक गोष्ट मला थक्क करते. १० अँपिअरचा फ्यूज १० चा आकडा ओलांडला की लगेच उडत नाही. ११ अँपिअर तो १०० तासही सोसू शकतो. साडेतेरा झाले तर कधी क्षणात जातो, कधी दहा मिनिटांपर्यंत तग धरतो. २० अँपिअर आले की मात्र फार तर पाच सेकंद. आतली पट्टी जस्ताची असते. जस्त ४१९ अंश सेल्सिअसला वितळतं, तारेतलं तांबं १०८५ अंशांना. पण तारेवरचं प्लॅस्टिकचं आवरण या दोघांच्या कितीतरी आधी, शंभरेक अंशांच्या आसपासच मऊ पडू लागतं. त्यामुळे तारेचा खरा जीव आवरणात असतो, तांब्यात नाही. नंबरप्लेटच्या दिव्याला जाणारी तार तर शेवयीसारखी बारीक. तिला काम तरी काय, पाच वॅटचा दिवा, अर्ध्या अँपिअरपेक्षाही कमी धारा. त्या शेवयीच्या राखणीला मी वीसचा पहारेकरी बसवला होता.

घाट उतरताना वास येऊ लागला. पावसात ओला कुत्रा, करपलेलं मेणकापड आणि काहीतरी आंबट, असा. मी मनाशी म्हटलं, ब्रेक तापलेत. घाट उतरताना ब्रेकचा वास येतोच, मीच नव्या ड्रायव्हरांना सांगत असते की दुसऱ्या गिअरमध्ये उतरा. पण मी दुसऱ्याच गिअरमध्ये होते. आपल्याला नको असलेला वास आपण किती सहज दुसऱ्याच्या नावावर लावतो! साखरप्यात पोचले तेव्हा मागच्या सीटच्या बाजूला, काचेपाशी, धुराची पुसटशी रेघ दिसली. दिवे बंद केले आणि रस्त्याच्या कडेला जो पहिला उजेड दिसला त्याच्यासमोर गाडी उभी केली. पत्र्याची शेड, आत पिवळा बल्ब, पाटीवर हातानं रंगवलेलं: ऑटो इलेक्ट्रिशियन, सेल्फ, डायनामो, वायरिंग.

पासष्टीचे गृहस्थ. दुकान बंद करायच्या तयारीत होते. काय झालं ते निम्मं ऐकूनच त्यांनी फ्यूजचा डबा उघडला, पिवळा उपटला आणि चटका बसल्यासारखा या हातातून त्या हातात खेळवला. मग त्यांनी जे केलं ते मी जन्मात विसरणार नाही. ब्रेकच्या दिव्यात असतो तसला २१ वॅटचा एक बल्ब त्यांनी खोक्यातून काढला. त्याला दोन वायरी डाग देऊन जोडलेल्या, टोकांना फ्यूजच्या पात्यासारख्या दोन पट्ट्या. त्या पट्ट्या त्यांनी फ्यूजच्या खाचेत बसवल्या. फ्यूजच्या जागी बल्ब! खटका फिरवला तर बल्ब फक्कन पेटला, डोळे दिपतील इतका. "पूर्ण पेटलाय म्हणजे शॉर्ट हाय," ते म्हणाले. "तुम्ही बसा आत, दिव्याकडं बघा. मंद झाला की हाक मारा."

मी स्टीअरिंगसमोर बसले, गुडघ्यापाशी तो बल्ब. ते पुढून मागे सरकत गेले. डॅशबोर्डाखालचा वायरींचा जुडगा हलवला. पायाखालची रबरी चटई उचलून उंबऱ्याच्या पट्टीखालच्या वायरी चाचपल्या. बल्ब तसाच. मागच्या सीटची बाजू, चाकावरचा उंचवटा, मागच्या दिव्यांचे कपलर. तसाच. मी बल्बच्या तारेकडे बघत होते आणि माझ्या लक्षात येत होतं की किती साधं आणि किती देखणं आहे हे. फ्यूज नुसता मरून दाखवतो. बल्ब जिवंत राहून बोलत राहतो. पत्र्याला टेकलेल्या वायरीची सगळी धारा तो आपल्या अंगावर घेतो, पावणेदोन अँपिअरच्या वर जाऊ देत नाही, आणि चूक सापडेपर्यंत कितीही वेळ तिष्ठत बसतो. शॉर्ट सुटला की उरलेले दिवे त्याच्याशी एकसरीत येतात, धारा घटते, तो मंद होतो. दहावीचंच विज्ञान. पण आमच्या प्रयोगशाळेत मी ते कधी असं करून दाखवलेलं नव्हतं.

त्यांनी डिकीचं दार उचललं आणि बल्ब मिणमिणला. "काका!" मी ओरडले. त्यांनी दार थोडं खाली आणलं, पुन्हा लख्ख. वर, मंद. खाली, लख्ख.

छताकडून डिकीच्या दारात वायरी जातात तिथे बिजागरीपाशी एक काळी रबरी नळी असते, अॅकॉर्डिअनच्या भात्यासारखी. दार उघडलं-मिटलं की आतल्या वायरी वाकतात, सरळ होतात. नऊ वर्षं, भाजीच्या पिशव्या, आंब्याच्या पेट्या, वह्यांचे गठ्ठे. त्यांनी नळी मागे सरकवली तर आत एका वायरीचं आवरण फाटलेलं, तांब्याच्या तारा पिंजारलेल्या, हिरवट बुरा चढलेला, आणि त्यातले चार-दोन तंतू पत्र्याला टेकलेले. तिथपासून वीतभर आवरण काळं होऊन पापुद्र्यासारखं सुटलं होतं. शेजारच्या दोन वायरींनाही झळ लागलेली. मीटर विझलं पुढे आणि दुखणं होतं सगळ्यात मागच्या बिजागरीत. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी म्हणतात ते गाडीच्या वायरिंगला जितकं लागू पडतं तितकं क्वचितच कशाला पडत असेल. आणि ते एकाएकी झालेलंही नव्हतं. दिवाळीपासून नंबरप्लेटचा दिवा कधी लागायचा, कधी नाही. दार आपटलं की लागायचा. मी दार आपटत होते.

तेव्हाच त्यांनी एका हातात ती जळकी वायर आणि दुसऱ्या तळहातावर तो फ्यूज धरून मला विचारलं.

खोटं का बोलले, हे मी पुष्कळदा उलगडून पाहिलंय. पैशाचा प्रश्न नव्हता, ते रागावले नसते. त्यांना मी कोण हेही ठाऊक नव्हतं. पण मला ठाऊक होतं. गेल्या वर्षीचीच गोष्ट, आमच्या खालच्या मजल्यावरच्या वहिनींच्या गाडीची बॅटरी दर तीन-चार दिवसांनी बसायची. दोन वेळा बॅटरी बदलून झाली होती. मी मल्टिमीटर घेऊन गेले, गाडी कुलूप लावून अर्धा तास झोपू दिली आणि मग एकेका फ्यूजच्या पाठीवर जी दोन बारीक उघडी टोकं असतात त्यांच्यावर मीटरच्या सुया टेकवत गेले. धारा वाहत असली तर फ्यूजच्या दोन टोकांत मिलिव्होल्टचा का होईना फरक दिसतोच. एका फ्यूजवर तो दिसला. डॅशबोर्डातल्या झाकणाच्या कप्प्यातला दिवा झाकण मिटलं तरी जळत राहत होता, झाकणाचा खटका मोडला होता. पाच वॅट म्हणजे ०.४ अँपिअर, रात्रंदिवस. चाळीस अँपिअर-तासांची बॅटरी चार दिवसांत रिकामी होणारच. पाच रुपयांच्या खटक्यानं दोन बॅटऱ्या खाल्ल्या होत्या. वहिनींनी त्या दिवशी पुरणपोळ्या पाठवल्या आणि सोसायटीत माझं नाव झालं. पावसाळ्यात उंदीर वायरी कुरतडू नयेत म्हणून बॉनेटखाली तंबाखूची पानं ठेवू का, ब्रेक दाबला की इंडिकेटर का मिणमिणतो, अर्थिंग कुठे बघायचं, सगळे मला विचारायला लागले. ती बाई साखरप्याच्या शेडमध्ये "मीच घातला" म्हणू शकली नाही. आणि नाव घेतलं ते त्या सर्व्हिसिंगच्या पोराचं, ज्यानं गाडी लख्ख पुसून दिली होती आणि फ्यूजच्या डब्याला हातही लावला नव्हता. तिथे नसलेल्या, उत्तर देऊ न शकणाऱ्या पोराचं. हे जास्त टोचतं.

त्या रात्री उशिरा रत्नागिरीला पोचले तर बाबा ओसरीत बसलेले. ८२ वर्षांचे आहेत. त्यांना मात्र सगळं खरं सांगितलं, पिवळ्या फ्यूजसकट. ते खुलले. "पोचलीस ना? झालं तर!" त्यांच्याकडे प्रीमियर पद्मिनी होती, कुर्ल्याच्या कारखान्यातली. तिचे फ्यूज म्हणजे चिनी मातीच्या, दोन्हीकडून निमुळत्या कांड्या आणि त्यांच्या पाठीवरून गेलेली धातूची पट्टी. रत्नागिरीच्या खाऱ्या वाऱ्यानं त्यांच्या टोकांवर गंज चढायचा, हॉर्न बंद पडायचा, मग बाबा बोटानं कांडी जागच्या जागी गोल फिरवायचे. टोकं घासली जायची, हॉर्न वाजायचा. माझं लहानपणचं पहिलं 'रिपेअरिंग' ते. आणि कांडी उडालीच तर सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद. बाबा सिगारेट ओढत नसत, पण गाडीत एक रिकामं पाकीट कायम असायचं. त्या कागदावर आम्ही गणपतीपुळे, राजापूर, एकदा तर थेट पुण्यापर्यंत गेलोय. माझ्या आठवणीत त्या चंदेरी कागदाला बाबांच्या हिकमतीचा वास आहे, आणि आता त्याच्या आत करपलेल्या वायरीचाही वास मिसळलाय. दोन्ही एकदम येतात. ३० ऑक्टोबर २०२३ ला मुंबईतून पद्मिनी टॅक्सी कायमची गेली त्या दिवशी बाबांचा फोन आला होता, "वाचलंस का?" म्हणून. मग बराच वेळ ते काही बोलले नाहीत. त्यांच्या गाडीत आम्ही तीन भावंडं मागे झोपलेली असायचो, वायरींच्या वर. हे मी त्यांना त्या रात्री बोलून दाखवलं नाही.

दुरुस्तीला पाऊण तास लागला होता. जळकी वीतभर वायर कापून त्यांनी नवी जोडली, डाग दिला, स्लीव्ह चढवली, आणि नळीत थोडी सैल ठेवली, वाकायला जागा हवी म्हणून. लाल फ्यूज स्वतःच्या डब्यातून काढून बसवला, एक जादा दिला. साडेतीनशे रुपये घेतले. घाटात हॅझर्डचे दिवे लावून, ब्रेकला पाय देत हळूहळू उतरता आलं असतं, तेही त्यांनीच सांगितलं. त्या दिव्यांचा फ्यूज वेगळा, ते चालू होते. मला त्या धुक्यात ते सुचलंच नव्हतं.

गेल्या रविवारी माहेराहून परतताना साखरप्याला थांबले. कोरडं ऊन, आंब्यांना मोहोर, रस्त्यावर लाल धूळ. ते एका जीपच्या बॉनेटमध्ये होते. मला ओळखलं नाही. मी म्हटलं, जुलैमध्ये, संध्याकाळी, खूप पाऊस होता. तरी नाही. मग गाडीकडे बोट केलं, आणि गाडी बघताच ते म्हणाले, "डिकीची वायर. बिजागरीत."

"तो पिवळा फ्यूज मीच घातला होता," मी म्हटलं. "घाटात. तुम्हाला खोटं सांगितलं मी. गॅरेजवाल्यांनी नव्हता घातला."

त्यांनी फडक्याला हात पुसले. क्षणभर माझ्याकडे पाहिलं, मग गाडीकडे. "लाइट लावा," म्हणाले.

मी आत जाऊन बसले, खटका फिरवला. त्यांनी मागे जाऊन डिकीचं दार उघडलं, रबरी नळी सरकवली, अंगठ्यानं स्लीव्ह दाबून पाहिली. मग दार वर-खाली करू लागले, एकदा, दोनदा, सावकाश. मी मीटरच्या उजेडाकडे बघत होते. उन्हात तो नीट दिसत नव्हता म्हणून हाताचा आडोसा धरला.

"हलतोय का?" मागून विचारलं.

"नाही," मी म्हणाले. "लागलेलाच आहे."